छांगदोक्गुंग
दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील जोसॉन घराण्याचा राजवाडा. राजा थेजोंगने तो १४०५ मध्ये ग्योंगबोकगुंग या मुख्य राजवाड्याच्या पूर्वेस बांधला. १५९२ च्या जपानी स्वारीत सोलमधले राजवाडे जळाले. त्यांपैकी हा आधी पुन्हा उभा राहिला आणि सुमारे अडीचशे वर्षे राज्यकारभार इथूनच चालला. १९९७ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

ग्योंगबोकगुंगची दालने एका सरळ रेषेत आहेत. इथे मात्र टेकडीचा उतार वळेल तशी इमारत वळते. दोन्ह्वामुन हे महाद्वार नैऋत्य कोपऱ्यात आहे. तिथून आत आल्यावर उजवीकडे वळून १४११ चा दगडी पूल ओलांडायचा, मग पुन्हा वळून इन्जोंगजॉन या दरबारगृहापाशी पोहोचायचे. म्हणूनच समोरून, अगदी मधोमध उभे राहून घेतलेल्या छायाचित्रात या वाड्याचा स्वभाव उतरत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात जावे. तिथून दुहेरी छप्पर, पागोळ्यांखालचे रंगकाम आणि मागची झाडी एका चौकटीत येते. अंगणात दरबाऱ्यांच्या हुद्द्यानुसार रोवलेले दगड आहेत, तेही सुटू देऊ नयेत. दरबारगृहात प्रवेश नाही. उंबऱ्याबाहेरूनच सिंहासन आणि त्यामागचा सूर्य, चंद्र व पाच शिखरांचा पडदा टिपावा लागतो. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार, त्यामुळे प्रकाशाचे माप आतल्या भागावर धरावे.

शेजारच्या सॉन्जोंगजॉनची कौले निळी आहेत; सोलच्या राजवाड्यांत अशी निळ्या कौलांची एवढीच इमारत उरली आहे. १८४७ चे नाकसॉन्जे हे निवासस्थान याच्या अगदी उलट: रंग न दिलेले लाकूड, कागदी दारे, जाळीची नक्षी. राजघराण्यातल्या अखेरच्या स्त्रिया १९८९ पर्यंत इथे राहत होत्या. हे जाणून पाहिले की ती मोकळी ओसरी निव्वळ देखावा वाटत नाही.

वाड्याच्या आवारापैकी निम्म्याहून जास्त जागा हुवॉन या मागच्या बागेने व्यापली आहे. बुयोंगजी तळ्याकाठचा छोटा मंडप दोन पाय पाण्यात सोडून बसल्यासारखा दिसतो. समोरच्या उंचवट्यावर १७७६ मध्ये राजा जोंगजोने ग्रंथालय उभारले. आणखी आत, ओंग्न्यूछन ओढ्याजवळ, गवताने शाकारलेला मंडप आणि चिमुकले भातखाचर आहे. राजा तिथे स्वतः लावणी करून शेतीचा अंदाज घेई.

बागेसाठी वेगळे तिकीट आणि ठरलेली वेळ असते. हानबोक हा पारंपरिक पोशाख घातलेल्यांना मुख्य वाड्यात विनामूल्य सोडतात. व्यावसायिक चित्रणाला आगाऊ परवानगी लागते. सोमवारी वाडा बंद असतो.