नोंद खुली असणं आणि ऑनलाइन असणं

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांच्या बोलण्यात ‘खुली’ आणि ‘ऑनलाइन’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. पणजोबांचं नाव टाकून शोधलं, काही सापडलं नाही, की ‘ती कागदपत्रं बंद आहेत’ असं समजून माणूस नाद सोडतो. मला याचं फार वाईट वाटतं. पुष्कळदा ते दप्तर कोणालाही पाहता येण्यासारखं असतं, फक्त ते अजून कुणी स्कॅन केलेलं नसतं.

नोंद खुली होते ती कायद्याने किंवा ठरलेल्या मुदतीने. जनगणनेतली नावानिशी माहिती अमेरिकेत ७२ वर्षं बंद राहते, इंग्लंडमध्ये १००. जिवंत माणसांची खासगी माहिती जपायची, हा त्यामागचा हेतू. मुदत सरली की ती पाहण्याचा हक्क सगळ्यांना. ऑनलाइन आणणं हे मात्र निराळं काम आहे: पान न् पान स्कॅन करायचं, जुनं अक्षर लावायचं, नावांची सूची करायची. अमेरिकेची १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ ला खुली झाली आणि त्याच दिवशी ऑनलाइन मोफत मिळाली. असं झालं की दोन्ही गोष्टी एकच वाटू लागतात.

इंग्लंड-वेल्सची १९२१ ची जनगणनाही जानेवारी २०२२ मध्ये ऑनलाइन आली, पण एका खासगी संकेतस्थळावर, पैसे भरून. लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाणाऱ्याला तीच पानं फुकट पाहता आली.

उलटही घडतं, आणि ते जास्त चकवतं. सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्ध सुरू होताच, ओळखपत्रांसाठी इंग्लंड-वेल्समध्ये घरोघरची नोंद झाली. ती आज ऑनलाइन आहे. एखाद्या घराचं पान उघडा: आईवडिलांची नावं, जन्मतारखा, धंदा, सगळं स्वच्छ दिसतं, आणि खाली मुलाच्या ओळीवर काळी पट्टी. जन्माला १०० वर्षं झालेली नाहीत आणि मृत्यूची नोंद जुळलेली नाही, म्हणून. पान ऑनलाइन, ओळ बंद! मृत्यूचा पुरावा पाठवला तर ती पट्टी काढता येते.

फॅमिलीसर्च या घराण्यांच्या नोंदी शोधण्याच्या संकेतस्थळावर कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली, तरी हताश होऊ नका. मूळ कागद ज्यांचे, त्यांच्याशी झालेल्या कराराची ती मर्यादा असते. घरून न उघडणारी अशी पानं बरेचदा फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात उघडतात.

म्हणून अभिलेखागाराला लिहिताना ‘तुमच्याकडे ऑनलाइन काय आहे?’ एवढंच विचारू नका. गाव, साल आणि नोंदीचा प्रकार कळवा, आणि सरळ दोन प्रश्न टाका: ही नोंदवही पाहायला खुली आहे का? आणि मला येता येणार नसेल, तर त्या पानाची प्रत मिळेल का?