सर स्वतःला किती गुण देतात?

एप्रिल संपत आला की माध्यमिक शाळेच्या स्टाफरूममध्ये स्वयंमूल्यांकनाचा फॉर्म फिरू लागतो. ‘वर्षभरात केलेले नवे प्रयोग’ असा काही रकाना आला की पेन अडतात. मग मागच्या वर्षीची झेरॉक्स शोधायची. फॉर्म मुख्याध्यापकांकडे गेला की त्यावर त्यांचा शेरा पडतो आणि दोन मतांची गाठ पडते.

शिक्षकाला स्वतःबद्दल विचारणे हे तसे अलीकडचे. 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला गेला, तेव्हा मुंबई इलाख्यात खाजगी शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतल्या निकालावर ठरत असे. प्रश्न इन्स्पेक्टरचे, उत्तरे मुलांची. मास्तरांना विचारतो कोण!

शिकवणे कसे वाटले हे खुद्द विद्यार्थ्यांना विचारायची सुरुवात अमेरिकेतल्या विद्यापीठांत झाली. पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी 1927 च्या सुमारास दहा कलमांची मापनश्रेणी केली. विषयाची आवड आणि गुण देण्यातला निःपक्षपातीपणा यांच्या जोडीला त्यात अध्यापकाचे दिसणे-राहणेही होते. (हे शेवटचे मूल्यमापन आपली मुले फॉर्मशिवायच करतात.)

अध्यापकाचे स्वतःबद्दलचे आणि विद्यार्थ्यांचे, अशी दोन्ही मते शेजारी ठेवून नीट तपासली ती अमेरिकेतले संशोधक जॉन सेंट्रा यांनी, 1973 मध्ये. पाच महाविद्यालये, 343 अध्यापक. दोन मतांतला सहसंबंध (पूर्ण जुळले तर 1, काहीच संबंध नसेल तर 0) निघाला जेमतेम 0.21, आणि एकूणात अध्यापकांनी स्वतःला चढे गुण दिलेले. पण आपण कशात बरे आणि कशात कच्चे, याची क्रमवारी समूह म्हणून पाहिली तर दोघांची बरीच जुळत होती. मला हा भाग जास्त बोलका वाटतो. चार वर्षांनी नेब्रास्का विद्यापीठातला आकडा आला: 94 टक्के प्राध्यापक स्वतःला सरासरीपेक्षा सरस मानत होते. हसे झाले ते यावरून.

हे सगळे महाविद्यालयांतले. शाळांपुरता मोठा प्रयत्न अमेरिकेतच 2009 मध्ये गेट्स फाउंडेशनच्या पैशातून सुरू झाला. त्यात सुमारे 3,000 शिक्षक होते, वर्ग चौथी ते नववी. ‘सर चांगले आहेत का’ असे मुलांना विचारलेच नाही; अवघड गोष्टी ते सोप्या करून सांगतात का, चूक सुधारायला शिकवतात का, असे विचारले. जोडीला तासांचे चित्रीकरण आणि परीक्षेतली प्रगती. शिक्षकाने स्वतःला दिलेले गुण मात्र या मापात धरलेच नाहीत.

आपल्याकडे महाराष्ट्रात खाजगी शाळांसाठी 1981 ची सेवाशर्ती नियमावली आहे. शिक्षकाच्या वर्षभराच्या कामाचा गोपनीय अहवाल तिच्याप्रमाणे लिहिला जातो. त्यात मुलांच्या मताला रकाना नाही. आणि अहवाल लिहायचाच राहून गेला, तर त्या वर्षाचे काम समाधानकारक धरले जाते.