तारेवरची रस्सीखेच: चार मूल्ये की नऊ?

बेळगावात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा माझा भाचा परवा खानापूरला घरी आला आणि जेवता जेवता म्हणाला, "मामा, व्हेरिलॉगमध्ये सिग्नलची मूल्ये चारच, व्हीएचडीएलमध्ये नऊ, म्हणजे व्हीएचडीएलच जास्त बारकाईचे ना?" (या दोन्ही डिजिटल सर्किटचे वर्णन लिहिण्याच्या भाषा.) हा समज विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो आणि तो केवळ मोजणीपुरता खरा आहे.

शाळेत आपण ० आणि १ एवढेच शिकतो. पण एकाच तारेला दोन आयसींचे आउटपुट जोडले, तर तेवढ्यावर भागत नाही. म्हणून व्हेरिलॉगमध्ये एक्स (अनिश्चित) आणि झेड (कोणीच न धरलेली तार) ही आणखी दोन मूल्ये आहेत. व्हीएचडीएलच्या 'एसटीडी लॉजिक' प्रकारात या चारांखेरीज यू (अजून मूल्यच न मिळालेला सिग्नल), एल (०), एच (१) व डब्ल्यू (अनिश्चित) ही कमकुवत मूल्ये आणि 'काहीही चालेल' असे सांगणारी आडवी रेघ येते.

भाच्याचे घोडे अडले होते ते आय-टू-सी बसवर, म्हणजे आयसी एकमेकांशी बोलतात त्या सामायिक तारांवर. या बसच्या तारेला पुल-अप रेझिस्टर, बहुधा ४.७ किलोओहमचा, वरच्या व्होल्टेजकडे ओढत असतो; आयसी ती तार एकतर खाली ओढते किंवा सोडून देते. व्हीएचडीएलमध्ये रेझिस्टरचे मूल्य एच, तर आयसीचे ० किंवा झेड. तालमीतल्या पैलवानाने दोराचे एक टोक ओढले, तर दुसऱ्या टोकाच्या पोराचे काही चालत नाही, म्हणून ० आणि एच मिळून ०. पैलवानाने दोर सोडला की पोराची ओढ पुरते, म्हणून झेड आणि एच मिळून एच. दोन पैलवान, म्हणजे ० आणि १, एकमेकांना भिडले तर मात्र एक्स. भाच्याने 'तार १ असेल तर' अशी अट घातली होती. तारेवर एच होते आणि भाषेच्या लेखी एच म्हणजे १ नव्हे, त्यामुळे ती अट कधीच खरी ठरत नव्हती. तुलनेपूर्वी एचचे १ करून देणारे फंक्शन वापरताच काम झाले.

व्हेरिलॉगमध्ये हा घोळ होत नाही, कारण तेथे ओढीचे बळ मूल्यात मिसळलेले नसून वेगळे ठेवलेले असते आणि त्याच्या आठ पातळ्या असतात. पुल-अपचा १ कमी बळाचा असला, तरी वाचताना तो १ च असतो. मात्र ते मूल्य 'रेग'मध्ये, म्हणजे मूल्य धरून ठेवणाऱ्या चलात, साठवले की बळ गळून पडते. ('रेग' लिहिले म्हणजे प्रत्यक्षात रजिस्टर तयार होतेच, असेही नाही.)

व्हेरिलॉगची खरी उणीव मला वेगळीच वाटते. रिसेट, म्हणजे सुरुवातीचे मूल्य लावणारा सिग्नल, द्यायचा राहिला तरी रेगमध्ये एक्स आणि दोन आउटपुट तारेवर भांडले तरी एक्सच. व्हीएचडीएलमध्ये पहिल्या चुकीला यू दिसतो आणि शोध निम्मा होतो. उद्यमबागेतल्या यंत्राला लिंबू-मिरची बांधणारे पुष्कळ आहेत, पण न दिलेला रिसेट तिने लागू होत नाही.

जाण्यापूर्वी भाच्याने बसची तार वगळून आतले सगळे सिग्नल 'एसटीडी यूलॉजिक' केले. या प्रकारात भांडण मिटवण्याची सोयच नसते. एका सिग्नलला दुसरा चालक (मूल्य देणारा) मिळताच सिम्युलेशन सुरू होण्याआधीच त्रुटी येते. त्याला तशी एक लगेच मिळाली: एकच काउंटर त्याने दोन प्रोसेसमधून, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कोडच्या दोन तुकड्यांतून, वाढवला होता.