ओ स्केल मॉडेल रेल्वे : कोकणातली सुरुवात आणि स्वस्तातली खरेदी

ओ स्केल म्हणजे खरी रेल्वे साधारण ४८ पट लहान करून बनवलेली मॉडेल रेल्वे. साधारण म्हणायचं कारण हा आकडा सगळीकडे एकच नाही, अमेरिकेत १:४८, इंग्लंडमध्ये १:४३.५ म्हणजे खऱ्या एका फुटाला ७ मिलिमीटर, आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी १:४५. रुळांमधलं अंतर मात्र तिन्हीकडे ३२ मिलिमीटरच धरतात, त्यामुळे एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर बसते, फक्त शेजारी उभी केली की उंची जुळत नाही. जगात सगळ्यात जास्त खपतं ते एचओ स्केल, ते १:८७ म्हणजे ओच्या जवळपास अर्धं, आणि भारतात ऑनलाइन जे काय मिळतं तेही बहुतेक एचओच असतं. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, तिथलं शहरही एचओमधलंच. मग ओ कशाला, तर वजन आणि आकार. इंजिन हातात घेतलं की जाणवतं, डब्याच्या पायऱ्या, कपलिंग, ब्रेकचे पाइप चष्मा न लावता दिसतात, आणि स्वतः बनवायचं म्हटलं तर चाळिशीनंतरच्या बोटांनाही जमतं.

आकाराचा अंदाज आपल्याच गाडीवरून घेतलेला बरा. एलएचबी म्हणजे हल्लीच्या एक्सप्रेस गाड्यांचा डबा २३.५४ मीटर लांब, तो १:४८ मध्ये ४९ सेंटिमीटर होतो. दहा डब्यांची गाडी करायची तर नुसते डबेच पाच मीटर, इंजिन वेगळं. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब आहे, तो या स्केलमध्ये सव्वा मीटरहून उंच आणि जवळजवळ नऊ मीटर लांब होईल. करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये १३५ मीटर, आमच्याकडे तेवढ्यात घरातून निघून वाडीतलं देऊळ येतं. तर कोकण रेल्वे पूर्ण करायची हौस सुरुवातीलाच बाजूला ठेवायची, ओमध्ये लांब गाडीपेक्षा छोटं यार्ड जास्त छान दिसतं आणि खिशालाही तेच परवडतं.

ब्रॉडगेजवाल्यांना अजून एक अडचण आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, तो १:४८ मध्ये ३५ मिलिमीटरच्या आसपास यायला पाहिजे आणि बाजारात रूळ मिळतात ३२चे, म्हणजे आपली गाडी जराशी अरुंद रुळावर उभी राहते. गंमत म्हणजे अमेरिकनांचं उलटं आहे, त्यांच्या खऱ्या रुळांच्या मानाने हेच ३२ मिलिमीटर जरा रुंद पडतात, तरी ते वर्षानुवर्षं चालवतायत. तीन मिलिमीटरसाठी स्वतः रूळ ठोकायला पहिल्याच वर्षी बसू नये असं माझं मत.

आता खरेदी. सगळ्यात आधी समजून घ्यायचं की ओमध्ये दोन वेगळी घराणी आहेत आणि त्यांची सोयरीक होत नाही. एक तीन रुळांचं, मधल्या रुळातून करंट, एसीवर चालणारं, साधारण १८ व्होल्टपर्यंत, यात अमेरिकन लायोनेल हे सगळ्यात जुनं मोठं नाव, कंपनी १९०० सालची. याची वळणं घट्ट असतात, ३६ इंच व्यासाच्या रुळांचा लंबगोल साधारण ४० बाय ६० इंचात बसतो, म्हणजे जेवणाच्या टेबलावर. दुसरं दोन रुळांचं, डीसी १२ व्होल्टवालं, दिसायला खरं, पण वळण मोठं लागतं, पेको या इंग्लिश कंपनीच्या तयार रुळाची एक त्रिज्या १०२८ मिलिमीटर आहे म्हणजे नुसता गोल करायला दोन मीटरहून जास्त रुंद जागा. तीन रुळांच्या डब्यांची चाकं सहसा एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नसतात, ती दोन रुळांवर ठेवली की सरळ शॉर्ट. त्यामुळे सेकंडहँड स्वस्त दिसलं म्हणून उचलायच्या आधी चाकं कुठल्या घराण्यातली हे विचारून घ्यायचं.

अमेरिकन सेट घेतला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर त्यांच्या १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० मध्ये लावला की धूरच निघणार आणि तो इंजिनातला शोभेचा धूर नव्हे. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. नव्या रिमोटवाल्या सेटांना चार्जरसारखा अॅडाप्टर येतो, त्यावर १०० ते २४० व्होल्ट छापलंय का ते बघायचं, असेल तर फक्त पिन बदलायची.

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, कणकवली इथल्या खेळण्यांच्या दुकानात ट्रेन मागितली तर बॅटरीवरची प्लॅस्टिकची गाडी पुढे येते, तिचा आणि स्केलचा काही संबंध नसतो. ओचं सामान बाहेरूनच येतं. अमेरिकेत मेनार्ड्स नावाची हार्डवेअरच्या दुकानांची साखळी तीन रुळांचे वॅगन आणि तयार इमारती विकते, स्वस्तातलं म्हणून तिकडच्या लोकांचं आवडतं नाव. इंग्लंडच्या डॅपोलचे तयार वॅगन आणि यार्डात डबे हलवणारी छोटी शंटिंग इंजिनं, पार्कसाइडचे वॅगन किट, पेकोचे रूळ आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे), हे दोन रुळांवाल्यांसाठी. पण छापलेल्या किमतीवर भुलू नये. खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर नेली, त्यात टपालखर्च, त्यावर जीएसटी, शिवाय २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाल्यामुळे पार्सल अडकायची भीती वेगळीच. ऑर्डर टाकायच्या आधी त्या दिवसाचा दर तपासायचा. मस्कत, दुबई, लंडनला घरटी कोणीतरी असतंच आपल्याकडे, येताना बॅगेजच्या नियमात बसेल तेवढं एखादं इंजिन आणून दिलं तर सगळ्यात सुटसुटीत, फक्त मे महिन्यात किंवा गणपतीला येणाऱ्याच्या बॅगेत आधीच किती जणांचं सामान असतं ते बघून मागावं.

म्हणूनच इथला हिशोब असा करायचा की बाहेरून फक्त तीनच गोष्टी, चाकं, रूळ आणि मोटर, बाकी सगळं इथलं. आणि इथलं म्हणजे तडजोड असं अजिबात नाही. आर्किटेक्चरची पोरं १:५० स्केलमध्ये मॉडेल बनवतात, त्यांच्यासाठी पुण्या-मुंबईच्या स्टेशनरीच्या दुकानात १:५० ची माणसं, झाडं, बाकडी पाकिटाने मिळतात, ती ओमध्ये ठेवली तर कोणाला कळत पण नाही. १:४३ च्या धातूच्या मोटारगाड्या हा जगभर चालणारा साइज, तो इंग्लिश ओला नेमका बसतो. वायर, स्विच, डीसी सप्लाय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला. नुसत्या लाकडी बॉडीचे वॅगन करायचे तर सावंतवाडीत लाकडी खेळणी करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, माप नीट लिहून दिलं तर असं काम त्यांच्यासाठी अवघड नाही. थ्रीडी प्रिंट पण होतं, मात्र त्यातलं साधं पीएलए प्लॅस्टिक ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं, मे महिन्यात पत्र्याच्या माळ्यावर ठेवलेला डबा केळ्यासारखा वाकतो.

देखाव्याच्या बाबतीत तर कोकणी माणसाला शिकवायची गरज नाही, गणपतीला डोंगर, धबधबा, झुकझुक गाडी असले देखावे घरोघरी झालेलेच असतात. थर्माकोलवर २०१८ च्या बंदीनंतर पुठ्ठा, कागदाचा लगदा, शाडू याकडे लोक वळलेत आणि डोंगर करायला लगदा खरं तर जास्त चांगला, हलका होतो आणि रंग धरतो. जांभा कुटून चाळणीने चाळला की एकाच दगडातून तीन माल निघतात, जाड चुरा कटिंगच्या पायथ्याला, मधला रस्त्याला, आणि पिठासारखी पूड पातळ केलेल्या फेविकॉलवर भुरभुरली की प्लॅटफॉर्मची ती लाल माती, रंगाच्या डबीतून हा लाल कधी येत नाही. खडी मात्र जांभ्याची करायची नाही, रुळाखालची खडी काळ्या दगडाची असते, त्यासाठी क्रशरवरची कच चाळून घ्यायची. उंच गवताला काथ्या कापून.

सुरुवातीचा आराखडा म्हणून इंग्लंडच्या अॅलन राइट यांचं इंगलनूक सायडिंग घ्यावं. दोन सांधे, तीन फाटे, एकावर पाच वॅगन मावतात, दोनावर तीन-तीन, एकूण आठ वॅगन आणि एक छोटं इंजिन. आठातले पाच चिठ्ठ्या टाकून ठरवायचे आणि त्याच क्रमाने गाडी लावून दाखवायची. ऐकायला पोरखेळ, पण बसलं की तास जातो. ओमध्ये याला तीनेक मीटर लांब आणि दीड फुटाच्या आत रुंद फळी पुरते, पडवीच्या भिंतीला लागून आरामात. पैसे कमी असतील तर ३-२-२ असं पाच वॅगनचं छोटं रूप पण चालतं.

नॅरोगेजची आवड असेल तर अजून स्वस्त वाट आहे. एचओचे १६.५ मिलिमीटरचे रूळ आणि एचओ इंजिनाचं खालचं चेसिस घ्यायचं, वर बॉडी मात्र ओच्या मापाची चढवायची. १:४८ मध्ये हे अडीच फुटी गेजच्या जवळ जातं, म्हणजे जुनी बार्शी लाइट रेल्वे, आणि इंग्लिश ७ मिलिमीटरच्या मापात लोक याच रुळांवर दोन फुटी गाड्या करतात, म्हणजे आपल्या रायगडातली १९०७ ची नेरळ-माथेरान. वळणं घट्ट चालतात, एचओचं सामान भारतात मिळतं आणि ड्युटीचा डोक्याला ताप नाही. मला विचाराल तर कोकणातल्या नवख्याने इथूनच सुरू करावं.

खारी हवा हा इथला खरा शत्रू. जुन्या पद्धतीचे पत्र्याचे पोकळ रूळ एका पावसाळ्यात गंजतात, निकल सिल्व्हरचे गंजत नाहीत पण काळे पडतात, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसून काढायचे, पॉलिश पेपर लावायचा नाही, चरे पडले की घाण अजून धरते. फळी आयएस ७१० मार्कची मरीन प्लायच, कमर्शियल प्लाय जुलैत फुगून सांध्याची जागाच हलवते. कापलेल्या कडांना पण रंगाचा हात द्यायचा, कारण पाणी तिथूनच शिरतं. इंजिनं पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची, पुड्या दर पंधरवड्याला तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून परत टाकायच्या.