भूल देणारी नर्स: अमेरिकेतल्या एका अभ्यासक्रमामागचा इतिहास

एनक्लेक्स (अमेरिकेतली नर्सिंग परवान्याची परीक्षा) पास होऊन तिथे गेलेल्या आणि आयसीयूत रुळलेल्या मराठी नर्सला कुणीतरी कधी ना कधी विचारतंच, 'सीआरएनए का करत नाहीस?' सीआरएनए म्हणजे सर्टिफाइड रजिस्टर्ड नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट, भूल देणारी प्रमाणित नर्स. हे घरी सांगितलं की पंचाईत होते. आपल्याकडे भूल द्यायची ती भूलतज्ज्ञ डॉक्टरने, एम.डी. किंवा डिप्लोमा करून. नर्स भूल देते आणि त्यासाठी डॉक्टरेट करते, हे पटकन पचत नाही. तिथे हे कसं घडलं ते ठाऊक असलं, तर कॉलेजांची माहितीपत्रकंही जरा सावधपणे वाचली जातात.

बोस्टनमध्ये १८४६ साली ईथर हुंगवून भूल देण्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, पण पुढची कित्येक वर्षं भूल देणं हे कमी प्रतीचं काम समजलं गेलं. ते शिकाऊ डॉक्टरच्या गळ्यात पडायचं आणि त्याचं लक्ष सर्जनच्या हाताकडे. त्यात रुग्ण दगावत. सर्जनना हवा होता नजर फक्त रुग्णावर ठेवणारा माणूस, आणि तो कमी पगारात मिळाला तर उत्तमच. हे दुसरं कारण गौरवगाथांमध्ये सहसा येत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एरी गावच्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात सिस्टर मेरी बर्नार्ड १८७७ पासून भूल देऊ लागल्या. नोंद असलेल्या अशा पहिल्या नर्स त्याच. मिनेसोटात सर्जन मेयो बंधूंकडे अ‍ॅलिस मगॉ ईथर थेंबाथेंबाने सोडत, रुग्णाशी बोलत त्याला झोपवायच्या. भुलीमुळे एकही मृत्यू न होता चौदा हजारांहून अधिक रुग्णांना भूल दिल्याची माहिती त्यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केली.

ओरेगनमधल्या पोर्टलंडला १९०९ मध्ये पहिला औपचारिक अभ्यासक्रम निघाला. क्लीव्हलंडच्या लेकसाइड रुग्णालयात सर्जन जॉर्ज क्राइल यांच्यासोबत काम करणाऱ्या अगाथा हॉजिन्स यांची शाळा १९१५ मध्ये सुरू झाली. पहिल्या महायुद्धाने या नर्सना थेट आघाडीच्या रुग्णालयांत नेलं.

काम नावारूपाला आल्यावर भांडण अटळ होतं. भूल देणं म्हणजे वैद्यकी, ती डॉक्टरनेच करावी, असा आग्रह केंटकीत धरला गेला. सर्जन लुई फ्रँक आणि नर्स मार्गारेट हॅटफील्ड कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले, १९१७ मध्ये अपिलात जिंकले. कॅलिफोर्नियात डॅग्मार नेल्सन यांच्यावर डॉक्टरांनीच खटला भरला. १९३६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल नेल्सन यांच्या बाजूने दिला. मात्र दोन्ही निकालांचा आधार एकच होता: नर्स सर्जनच्या देखरेखीखाली काम करते. तेव्हा ज्याने तारलं, तोच 'देखरेख' शब्द पुढे या व्यवसायाच्या पायात अडकला. आजही राज्यागणिक वाद आहे तो त्याच्यावरूनच.

हॉजिन्स यांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये भूल देणाऱ्या नर्सची स्वतंत्र संघटना झाली, १९४५ मध्ये पहिली प्रमाणन परीक्षा झाली आणि १९५६ मध्ये सीआरएनए हे बिरुद आलं. पैशाचा प्रश्न सुटला तो १९८६ च्या कायद्याने, मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) या नर्सना थेट मोबदला देण्याचं मान्य केलं तेव्हा. २००१ मध्ये केंद्राने राज्यपालांना डॉक्टरच्या देखरेखीच्या अटीतून राज्याला सूट मागण्याची मुभा दिली. आयोवाने ती सर्वांत आधी घेतली. आता अशी वीसहून अधिक राज्यं आहेत.

पदवीची पायरीही चढत गेली. १९९८ पासून सगळे अभ्यासक्रम मास्टर्सचे झाले आणि १ जानेवारी २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना डॉक्टरेटचाच अभ्यासक्रम सक्तीचा. किमान ३६ महिने, ६०० केसेस, २,००० क्लिनिकल तास. प्रवेशाआधी अतिदक्षता विभागातला निदान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. या काळात बहुतेकांना नोकरी करता येत नाही, म्हणून फीइतकाच बुडालेल्या पगाराचा हिशेब मांडावा लागतो. डॉक्टरेटच्या सक्तीने रुग्णाला नेमकं काय जास्त मिळालं, हा प्रश्न मला तरी अजून खुलाच वाटतो. समोरच्या डॉक्टरांच्या बरोबरीने उभं राहण्याची ओढ त्यात नक्की आहे. डीएनपी (नर्सिंगची डॉक्टरेट) की डीएनएपी (नर्सनी भूल देण्याच्या कामाची डॉक्टरेट) यावर उमेदवार फार डोकं शिणवतात. परवाना दोघांना एकच मिळतो.

खरा फरक पडतो तो क्लिनिकल पोस्टिंगमध्ये. मोठ्या शहरी रुग्णालयात एक भूलतज्ज्ञ डॉक्टर एकाच वेळी चार खोल्यांपर्यंत पाहतो. तिथे हृदयाच्या आणि अवयव प्रत्यारोपणाच्या अवघड केसेस भरपूर असतात, पण नर्व्ह ब्लॉक (शरीराचा ठरावीक भाग बधिर करणं) आणि सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणं) भूलशास्त्राच्या निवासी डॉक्टरांकडे जाण्याची शक्यता असते. ग्रामीण रुग्णालयात अनेकदा सीआरएनए एकटीच असते आणि विद्यार्थी तिच्याकडून सगळं स्वतः करायला शिकतो. केसेस मात्र साध्या. दोन्हीकडचा अनुभव देणारा अभ्यासक्रम सापडला तर नावाजलेलं विद्यापीठ नसलं तरी चालेल, असं माझं मत आहे.

पहिल्याच प्रयत्नात पास होणाऱ्यांचं, मधेच गळणाऱ्यांचं आणि नोकरी लागलेल्यांचं प्रमाण जाहीर करणं मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना बंधनकारक आहे. यांतला गळतीचा आकडा आधी बघावा. निकाल उत्तम आणि गळतीही मोठी असेल, तर कच्चे विद्यार्थी परीक्षेआधीच बाहेर पडले असण्याची शंका घ्यायला जागा आहे. आकड्यांत न दिसणारं सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारावं: तुमचे ब्लॉक कोण करतं, आणि रात्री लेबर रूममध्ये एपिड्युरल (कळा कमी करण्यासाठी पाठीतून दिली जाणारी भूल) द्यायला कुणाला बोलावतात?