मुंबई ते लंडन : अंतर तेच, तास वेगळे

मुंबई आणि लंडन यांच्यातले पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ते कापायला किती वेळ लागणार, हे विमानाच्या वेगाइतकेच वाटेत कुठे उतरावे लागते आणि कोणाचे आकाश खुले आहे यावर ठरत आले आहे.

१८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि आफ्रिकेचा वळसा वाचला, तरी बोटीचा प्रवास आठवड्यांतच मोजला जाई. १९२९ साली इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची हवाई सेवा सुरू केली. तिलाही सुमारे आठवडा लागे आणि युरोपातला एक टप्पा रेल्वेने पार करावा लागे. मुंबई या मार्गाला जोडली गेली ती १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला लंडनला पोहोचले. पंख्याच्या इंजिनांचे ते विमान एका दमात एवढा पल्ला गाठू शकत नव्हते.

या मार्गाचा इतिहास सांगताना आल्प्समधला माँ ब्लाँ हा पर्वत टाळून पुढे जाता येत नाही. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच 'मलबार प्रिन्सेस' जिनिव्हाला उतरायला येत असताना त्या पर्वतावर आदळले; ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेले 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ जिनिव्हाच्याच वाटेवर तिथेच कोसळले. त्यात ११७ जणांचा मृत्यू झाला. डॉ. होमी भाभा त्यांच्यापैकी एक होते. ते व्हिएन्नाच्या बैठकीला निघाले होते. देशाचे किती मोठे नुकसान झाले!

खरे तर १९६० मध्ये आलेल्या ७०७ने उड्डाणाचा वेळ जवळपास निम्म्यावर आणला होता. १९७१ मध्ये ७४७ आले, पुढे लांब पल्ल्याच्या विमानांमुळे मधले थांबे गेले आणि प्रवास साधारण साडेनऊ-दहा तासांवर आला. येताना तो बहुधा तासभर कमी भरतो, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. तिकिटावरच्या वेळा पाहून मात्र फसगत होते. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार.

आता अडचण आकाशाची आहे. सर्वांत जवळची रेषा पाकिस्तान, इराण आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२मध्ये नागरी विमानांना बंद झाले, तर एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. इराणवरची वाटही युद्धाच्या काळात मिटते. अशा वेळी विमाने अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे वळसा घेतात, जास्त इंधन जाळतात आणि उशिरा पोहोचतात.