रुळांच्या फटीतून दिसणारी गाडी

मॉडेल रेल्वेत बोगद्यात शिरलेली गाडी कुठवर पोचली हे कळले नाही, तर सिग्नल आपोआप बदलता येत नाहीत, सांधे वेळेवर फिरत नाहीत आणि मागून येणारी गाडी थांबवता येत नाही. गाडी ओळखायच्या पद्धती बऱ्याच आहेत. रीड स्विच (चुंबक जवळ आले की चालू होणारा स्विच) वापरायचा तर इंजिनाखाली चुंबक चिकटवावे लागते. रुळांतला प्रवाह मोजायचा तर रूळ विभागांत तोडावे लागतात आणि डब्यांच्या चाकांवर रोध (रेझिस्टर) बसवावे लागतात. अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश वापरणाऱ्या सेन्सरला गाडीत काहीच बदल लागत नाही, म्हणून नवशिके आधी त्याच्याकडे वळतात. दोन-तीन तासांत तो चालूही होतो. पण खिडकीतून ऊन आत आले, की रिकाम्या रुळावर गाडी ‘दिसू’ लागते.

विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाश सोडून लाल रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला आणि तिथे पारा चढलेला पाहिला. अवरक्त किरणांचा शोध लागला तो असा, उन्हातच. तेच ऊन इथे सर्वांत मोठा अडथळा ठरते.

मांडणी दोन प्रकारची असते. पहिलीत अवरक्त प्रकाश सोडणारा एलईडी आणि तो टिपणारा फोटोट्रान्झिस्टर शेजारी शेजारी, दोघांची तोंडे वर. गाडी वरून गेली की प्रकाश तिच्या तळावर आपटून परत येतो. दुसरीत दोघे रुळाच्या दोन बाजूंना समोरासमोर असतात आणि गाडी मधला किरण अडवते.

परावर्तनासाठी टीसीआरटी ५००० हा भाग सर्रास वापरला जातो. त्याची तरंगलांबी ९५० नॅनोमीटर, आकार साधारण १०.२ × ५.८ मिलिमीटर. वापराचे अंतर ०.२ ते १५ मिलिमीटर असे दिलेले असते, पण प्रतिसाद सर्वांत जोरदार मिळतो तो अवघ्या २.५ मिलिमीटरवर. गोची इथेच आहे. एचओ या मॉडेलच्या मापात (१:८७, रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर) सेन्सर स्लीपरच्या पातळीत बसवला, तर बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) अगदी जवळून जाते, पण डब्याचा तळ सेंटिमीटरभर किंवा जास्तच वर राहतो. म्हणजे बोगी ठळक दिसते, तळ पुसटसा. लांब डब्याच्या दोन बोग्यांच्या मधे सेन्सरला वाटते, गाडी गेली.

बसवताना एका स्लीपरचा मधला भाग कापावा लागतो. एन मापात (१:१६०, ९ मिलिमीटर) सेन्सरची लांब बाजू रुळांच्या दिशेने ठेवली तरच तो दोन रुळांत मावतो. सेन्सरचा माथा रुळाच्या माथ्यापेक्षा निदान एक मिलिमीटर खाली हवा, नाहीतर कपलिंगचा (डबे जोडणाऱ्या भागाचा) खाली आलेला हुक त्यात अडकतो. खडी चिकटवण्याआधी सेन्सरच्या तोंडावर कागदी चिकटपट्टी लावा. पातळ केलेला गोंद भिंगावर वाळला तर बाहेरून काही कळत नाही, फक्त सेन्सरचा प्रतिसाद मंदावतो.

जोडणी साधी आहे. अवरक्त एलईडीवर सुमारे १.२ व्होल्ट पडतात. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर २२० ओहमचा रोध लावला की १७ मिलिअँपिअर प्रवाह जातो, तेवढा पुरे. फोटोट्रान्झिस्टरचा कलेक्टर १० किलोओहममधून ५ व्होल्टला, एमिटर ग्राउंडला आणि कलेक्टरवरूनच सिग्नल घ्यायचा. प्रकाश वाढला की तिथला व्होल्टेज उतरतो. सुटे भाग वापरत असाल तर पाय तपासा. एलईडीचा लांब पाय धन असतो, पण अनेक फोटोट्रान्झिस्टरमध्ये लांब पाय एमिटरचा असतो. एलईडी लागला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर जांभळट ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही, तर पुढच्यातून पाहावे, कारण काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त गाळणी असते.

तयार मॉड्यूलवर एलएम ३९३ हा कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) आणि कुठल्या पातळीला ‘गाडी आली’ म्हणायचे तो उंबरठा ठरवायला छोटा पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारा रोध) असतो. अंधाऱ्या बोगद्यात किंवा लेआउटखालच्या (रुळांच्या मांडणीखालच्या) छुप्या यार्डात ते उत्तम चालते. उघड्यावर मात्र रात्री जुळवलेला उंबरठा सकाळी चुकीचा ठरतो. भिंगावरची काळी गाळणी दृश्य प्रकाश अडवते. उन्हातला आणि तारेच्या दिव्यातला अवरक्त प्रकाश तिच्यातून आरामात आत येतो. खोलीत एलईडी दिवे असतील तर त्रास कमी, कारण त्यांच्या प्रकाशात अवरक्त जवळपास नसतेच.

मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप) असेल तर यावर चांगला तोडगा आहे. एलईडी बंद ठेवून एक वाचन घ्यायचे, एलईडी लावायचा, अर्धा मिलिसेकंद थांबायचे, दुसरे वाचन घ्यायचे आणि दोन्हींतला फरक काढायचा. बाहेरचा प्रकाश दोन्ही वाचनांत सारखाच असल्याने वजा होतो. उरतो तो फक्त आपल्या एलईडीचा परत आलेला प्रकाश. दर १० मिलिसेकंदांनी हे केले तरी भागते. एचओ मापात ताशी ६० किलोमीटर म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला १९ सेंटिमीटर, तेव्हा दोन वाचनांमध्ये गाडी जेमतेम दोन मिलिमीटर सरकते.

ही वजाबाकीही एका ठिकाणी फसते. थेट ऊन पडले की फोटोट्रान्झिस्टर संपृक्त होतो, म्हणजे प्रकाश आणखी वाढला तरी त्याचा प्रतिसाद बदलत नाही. दोन्ही वाचने तळाला टेकतात, फरक शून्य येतो आणि गाडी डोक्यावर उभी असूनही सेन्सर आंधळा होतो. अशा वेळी १० किलोओहमच्या जागी ४.७ किंवा २.२ किलोओहम लावावा. संवेदनशीलता कमी होते, पण मोजायला जागा उरते.

रंगावरून अंदाज बांधू नका. डोळ्यांना काळे दिसणारे सगळे अवरक्तात काळे नसते. काजळी मिसळलेले काळे प्लॅस्टिक अवरक्त प्रकाशही गिळून टाकते, तर काही काळे रंग तो चक्क परत पाठवतात. ताफ्यातले प्रत्येक इंजिन आणि डबा सेन्सरवरून हळू ढकलून वजाबाकीचे आकडे लिहून काढा. सर्वांत कमी आकडा देणारे वाहन आणि रिकामा रूळ यांच्या मधोमध उंबरठा ठेवा. एखादे वाहन फारच मंद निघाले, तर त्याच्या तळाला पांढऱ्या रंगाचा पट्टा मारणे हा कमीपणा नाही. उंबरठेही दोन हवेत, एक गाडी ‘आली’ म्हणायला आणि त्याच्या निम्म्यावर दुसरा ‘गेली’ म्हणायला. एकच असेल तर सीमेवर रेंगाळणाऱ्या डब्याने सिग्नल लुकलुकत राहतो.

किरण अडवणारी मांडणी डब्याच्या रंगाला भीक घालत नाही. तिची अडचण डब्यांमधल्या फटींची. किरण रुळाला काटकोनात असेल तर प्रत्येक फटीतून तो आरपार जातो. उपाय सोपा आहे, किरण तिरपा करा. एचओचा डबा सुमारे ३२ मिलिमीटर रुंद आणि फट १० मिलिमीटर धरली, तर रुळाशी ६० अंशांचा किरण डब्याची रुंदी ओलांडेपर्यंत रुळाच्या दिशेने १८ मिलिमीटर सरकतो. म्हणजे कुठला ना कुठला डबा त्याला अडवतोच. ४५ अंश ठेवले तर आणखी निर्धास्त. वळणावर बाहेरच्या बाजूची फट रुंदावते, म्हणून जागा सरळ रुळावरची निवडा. उंची डब्याच्या खालच्या चौकटीएवढी ठेवा, नाहीतर रिकामा सपाट मालडबा किरणाखालून निसटतो.

अंतर जास्त असेल तर ३८ किलोहर्ट्झवर धडधडणारा प्रकाश आणि रिमोटचा संदेश टिपणारा टीएसओपी रिसीव्हर वापरायचा मोह होतो. बाहेरचा प्रकाश त्याला फारसा बाधत नाही, पण त्यात एक सापळा आहे. रिसीव्हर आपली संवेदनशीलता आपोआप बदलतो. ३८ किलोहर्ट्झ अखंड येत राहिले की तो त्याला गोंगाट समजून दाबून टाकतो आणि किरण तुटल्याचा खोटा निरोप देतो. म्हणून याच कामासाठी बनवलेला, स्थिर संवेदनशीलतेचा टीएसएसपी ४०३८ घ्यावा. तो इतका तिखट असतो की एलईडी पूर्ण जोरात लावला तर प्रकाश बोगद्याच्या भिंतींवरून उसळून गाडीला वळसा घालतो. २.२ किलोओहमचा रोध लावून प्रवाह दोन मिलिअँपिअरच्या आत आणा. एलईडीवर अपारदर्शक हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळीही चढवा.

तिरपा किरण असला तरी ‘गेली’ हा निर्णय लगेच घेऊ नये. शेवटचे दर्शन झाल्यापासून दीड-दोन सेकंद वाट पाहावी आणि मधे पुन्हा काही दिसले तर मोजणी शून्यापासून सुरू करावी. रुळाखालच्या सेन्सरला तर हे हवेच. पण फारच हळू चालणाऱ्या लांब डब्याला दोन सेकंदही अपुरे पडतात. तिथे वेळ वाढवण्यापेक्षा शेजारी दुसरा सेन्सर बसवून दोघांपैकी एकाने पाहिले तरी ‘आहे’ असे धरणे बरे.

डीसीसी (रुळांतूनच डिजिटल आज्ञा पाठवणाऱ्या) लेआउटवर रुळांतला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो आणि शेजारून गेलेल्या सेन्सरच्या तारांत खरखर उमटवतो. सिग्नलची तार ग्राउंडच्या तारेशी पिळून न्या, सेन्सरपाशी पुरवठ्यावर १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर लावा आणि तारा लांब असतील तर कंपॅरेटर सेन्सरजवळच ठेवा.

हा सेन्सर फक्त एक बिंदू पाहतो. दोन सेन्सरांच्या मधे गाडी थांबली किंवा शेवटचा डबा सुटून मागे राहिला, तर त्याला पत्ता नसतो. तेवढ्यासाठी प्रवाह मोजणारी पद्धतच हवी. उलट, दोन बिंदूंवरून वेग मात्र झकास मिळतो. सेन्सर ५० सेंटिमीटर अंतरावर असतील आणि इंजिनाचे नाक २.६ सेकंदांत ते कापत असेल, तर ८७ ने गुणून हिशेब ताशी ६० किलोमीटरवर येतो. आधी कोणता सेन्सर चेतला, यावरून दिशाही कळते.